शॉर्टबुक

आमच्या मेडिकलच्या काउंटरखाली, गल्ल्याच्या डाव्या अंगाला, खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक वही लटकत असते. लांबट, उभी, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. औषधाच्या धंद्यात तिला शॉर्टबुक म्हणतात. गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन आलं आणि त्यातलं एखादं औषध आपल्याकडं नसलं, किंवा शेवटची स्ट्रिप निघाली, की ते तिथल्या तिथं वहीत टिपायचं. दुपारी बेळगावच्या स्टॉकिस्टचा फोन आला की यादी वाचून दाखवायची, माल आला की ओळ खोडायची. आता फोनची जागा व्हॉट्सअ‍ॅपनं घेतलीय, पण वही गेलेली नाही. मला स्क्रीनवरची ओळ खोडल्यासारखी वाटत नाही.

बाबांनी निपाणीत, सीमेच्या कर्नाटकाकडच्या अंगाला, दुकान टाकलं तेव्हापासूनच्या या वह्या माळ्यावर आहेत. कागद म्हणून कुठला टाकायचा नाही हा त्यांचा स्वभाव. त्यांचा आणखी एक नियम होता. पान भरलं आणि एखादी ओळ खोडायची राहिली असली, तर ती पुढच्या पानावर पुन्हा लिहायची. कंपनीनं औषध बंद केलं असलं तरी निदान तीन-चार पानं ती ओळ पुढं सरकायची. मी नवा होतो तेव्हा वैतागायचो. ते म्हणायचे, "माणूस मागायला आला हुता आन् आपल्याकडं नव्हतं. एवढं तरी ध्येनात राहू दे की."

२०१४च्या वहीत माझ्या अक्षरात एक ओळ आहे. 'आक्का – बेडाक्युलीन – १ कोर्स.' स्पेलिंग चुकलेलं. बरोबर शब्द बेडाक्विलिन, टीबीवरचं औषध. ती ओळ मी किती पानं पुढं नेली ते मोजलेलं नाही, पण २०१६च्या वहीतही ती आहे.

आक्का आमच्या मागच्या गल्लीतली. नात्यातली नव्हे, पण माझ्या आईच्या बरोबरीची, आणि आई गेल्यावर दिवाळीला तिच्याकडून चकल्यांचा डबा आला नाही असं एकही वर्ष झालं नाही. तीसेक वर्षं विड्या वळल्या. निपाणीत हे काही वेगळं सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात जर्दा, कातरीनं टेंभुर्णीचं पान कापायचं, बोटांनी वळायचं, नखानं तोंड दुमडायचं. दिवसाला हजार विड्या. तंबाखूची धस घरभर असते, अंथरुणालाही तोच वास. विड्या वळणाऱ्या बायका खोकल्याला आजार समजतच नाहीत. तो पगाराबरोबर येतो.

पहिल्यांदा तिला टीबीची औषधं लागली ती खाजगी डॉक्टरांची, माझ्याच दुकानातून. इथं मला थोडं थांबायला पाहिजे. महिन्याच्या गोळ्या एकदम घ्यायला पैसे नसायचे. "चार दिसांच्या दे बाळ, हजेरी मिळाली की बाकीच्या न्हेते." मी कात्रीनं स्ट्रिप कापून चार दिवसांच्या द्यायचो. चारचे सहा दिवस व्हायचे, कधी दहा. दोन महिन्यांत खोकला कमी झाला, वजन भरलं, आणि तिनं गोळ्या सोडल्या. मी विचारलं नाही. रिफाम्पिसिनचा, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाचा, कोर्स अर्ध्यात सुटला की काय होतं हे डी. फार्म.ला शिकून आलेला माणूस होतो मी. पण काउंटरच्या अलीकडं उभं राहिलं की शिकलेलं आणि विकलेलं यांची गाठ पडत नाही. टीबीची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये गेली, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग रजिस्टरात लिहून तीन वर्षं ठेवायची सक्ती आली, ती १ मार्च २०१४पासून. आक्काच्या बाबतीत तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आजार उलटला. मिरजेला नेलं. आमच्याकडं 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. थुंकीचा नमुना कल्चरला गेला, आणि कल्चर म्हणजे जंतू वाढण्याची वाट बघत बसायची, दोन महिने गेले. दोन तासांत निदान करणारं सीबीनॅट मशीन जगात आलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला २०१०च्या डिसेंबरातच पसंती दिली होती. आमच्या आसपास तेव्हा ते कुणी पाहिलेलं नव्हतं. निकाल आला एमडीआर. नेहमीची दोन मुख्य औषधं लागू पडत नाहीत. आमच्याकडचे लोक त्याला 'बिघडलेला टीबी' म्हणतात आणि मला दर वेळी वाटतं की 'बिघडवलेला' म्हणायला पाहिजे.

मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं एक नाव लिहून दिलं. म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा टीबीवर नवं औषध आलंय. अमेरिकेत परवानगी मिळाली. आपल्याकडं अजून नाही. तुम्ही लायनीतले आहात, चौकशी करून बघा." मी दुकानात येऊन शॉर्टबुकात लिहिलं आणि दुपारी स्टॉकिस्टला वाचून दाखवलं. तो पलीकडून हसला. वाईट मनानं नव्हे. "अण्णा, ह्ये कुठनं आणायचं? अमेरिकेस्नं?" असल्या औषधासाठी रीतसर वाटही आहे म्हणा. स्वतःच्या उपचारापुरतं औषध परदेशातून आणायचं तर १२-अ नमुन्यात अर्ज करायचा, १२-ब नमुन्यात परवाना मिळतो. पण परवाना हातात पडला तरी औषध कोण विकणार? आणि अमेरिकेत तेव्हा एका कोर्सची किंमत ३०,००० डॉलर होती. आक्काला हजार विड्यांमागं काय मिळायचं ते मी इथं लिहीत नाही.

मग सरकारी उपचार सुरू झाला. दोन वर्षांचा. त्यातले पहिले सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कनामायसिनचं इंजेक्शन. हिशेब केला तर दीडशेच्या वर सुया. कार्ड कानडीत होतं. मी वाचून दाखवायचो. 'क्षय' हा शब्द तेवढा दोन्हीकडं सारखा, बाकीचं मला जुळवून सांगावं लागायचं. नर्सबाई चांगली होती. कानडीत सुरू करायची, आक्काचा चेहरा बघून मराठीवर यायची. बसायला जागा उरली नाही तेव्हा आक्का उभ्यानं सुई घ्यायची आणि तिथून चालत घरी यायची.

चौथ्या महिन्यात म्हणाली, "कानात रातकिडं वरडाय लागल्यात." मला माहीत होतं ते काय आहे. कनामायसिन, अमिकासिन, कॅप्रिओमायसिन ही सगळी घराणी कानाच्या आतल्या बारीक पेशी मारतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. दर महिन्याला ऐकण्याची तपासणी व्हावी असं कागदावर असतं. तपासणीचं यंत्र कुठल्या गावात होतं ते मला कुणी सांगू शकलं नाही. मी तिच्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ते मी त्यांच्यावर राग न धरता लिहितो. सुई बंद केली तर जीव जाईल. कान गेले तर माणूस राहील. दुसरं द्यायला आमच्याकडं काही नाही.

दुसरं द्यायला काही नाही. खरंच नव्हतं. ते एका फायलीत होतं.

त्या हंगामातली एक दुपार. उसाचे दिवस. आमच्याकडं ऊस वाहणारे ट्रॅक्टर कसे जातात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या, पुढं झेंडूच्या माळा आणि ड्रायव्हरच्या मागं एवढाले साउंड बॉक्स. अर्ध्या किलोमीटरवरनं छातीत ठोके पडायला लागतात. आक्का दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडं पाठ करून बसली होती. मी तिच्या बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या पाकिटात भरत होतो. ट्रॅक्टर आला. काचेच्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या. काउंटरवर उभी ठेवलेली खोकल्याच्या औषधाची बाटली सरकत सरकत कडेला आली, ती मी हातानं धरली. समोरच्या चहावाल्यानं कानावर हात ठेवले. आक्का पदराच्या टोकाची गाठ सोडून पैसे मोजत होती. ट्रॅक्टर तिच्या पाठीमागून गेला, दुसरी ट्रॉली गेली, आणि तिची मान हललीही नाही. सुट्टे पैसे पुढं करून तिनं वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं तिला कुणास ठाऊक. "काय झालं रं?" म्हणाली. नेहमीपेक्षा मोठ्यानं.

टीबी बरा झाला. ती जिवंत आहे. सरकारी नोंदीत ती 'उपचार यशस्वी' या रकान्यात आहे आणि तो रकाना खोटा नाही.

आता त्या फायलीचं सांगतो. मी हे सगळं पुढं हळूहळू वाचत गेलो, कारण ती ओळ मला खोडता येत नव्हती. बेडाक्विलिनला अमेरिकेत परवानगी मिळाली ती डिसेंबर २०१२च्या शेवटच्या आठवड्यात. जून २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते कसं वापरायचं याच्या सूचना काढल्या. भारतात परवानगी आली २०१५मध्ये, तीही अटींसकट. प्रत्यक्ष पेशंटच्या हातात द्यायला सुरुवात झाली मार्च २०१६मध्ये, आख्ख्या देशात सहा ठिकाणी. आक्काच्या सुया २०१४च्या पावसाळ्यात सुरू झाल्या होत्या आणि ऊस संपायच्या आत संपल्या होत्या.

पण मी हे असं ओळीनं मांडलं की वाचणारा म्हणणार, बघा, तीन वर्षं उशीर झाला आणि बाईचे कान गेले. तसं सरळ नाही. २०१६मध्ये ते औषध द्यायला सुरुवात झाली ती आक्काहून जास्त बिघडलेल्या पेशंटना. साध्या एमडीआरवाल्यांच्या सुया बंद करा, गोळ्यांवरच उपचार करा, असं जागतिक संघटना म्हणाली ती २०१८मध्ये. आपल्याकडं ते तालुक्यापर्यंत झिरपायला आणखी दोन-तीन वर्षं. म्हणजे दिल्लीतली फाईल एक वर्ष आधी हलली असती तरी आक्काच्या वाट्याला सुईच होती. एका दारात उशीर झाला असता तर मला कुणावर तरी नेमकं रागावता आलं असतं. इथं दारामागं दार आहे, आणि प्रत्येक दारावरचा माणूस म्हणतो, माझ्याकडं फार वेळ लागला नाही हो.

आणि फायलीवर बसलेला माणूस अगदीच बिनडोक नव्हता. ज्या चाचणीवर हे औषध मंजूर झालं, तिच्यात औषध घेतलेल्या ७९ जणांपैकी ९ जण दगावले, न घेतलेल्या ८१ जणांपैकी २. अमेरिकेनंही परवानगी देताना माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला होता. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो ते वेगळंच. पुढं मोठ्या प्रमाणावर वापरल्यावर कळलं की औषधानं माणसं वाचतात. पण २०१३ साली सही करायला बसलेल्याच्या समोर हे पुढचं नव्हतं, ९ आणि २ होते.

त्यात तो काळ. मे २०१२मध्ये संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल आला होता. केंद्रीय औषध नियामक संस्थेनं तीसहून जास्त नवी औषधं भारतीय पेशंटवर चाचणी न घेताच मंजूर केली, असं त्यात होतं. वर्तमानपत्रांनी झोडपलं. जानेवारी २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं औषधचाचण्यांवरून सरकारला फटकारलं, वर्षअखेरीला तर चाचण्या जवळजवळ थांबल्या. घाईनं सह्या केल्या म्हणून बोलणी खाल्लेलं ऑफिस पुढची सही कशी करणार? हा माझा अंदाज आहे, पण तालुक्याच्या कचेरीत सात-बाराच्या उताऱ्यासाठी बसलेल्या कुठल्याही माणसाला तो पटेल.

मला तर दुसरा आणखी जवळचा पुरावा आहे, मी स्वतः. बेडाक्विलिन २०१३ साली मोकळं सुटलं असतं, माझ्या कपाटात आलं असतं, तर मी काय केलं असतं? आक्का म्हणाली असती, चार दिसांच्या दे. मी कात्री काढली असती. पाच वर्षांत त्या औषधालाही जंतू सरावले असते. ते खाजगी दुकानात मिळत नाही, सरकारी कार्यक्रमातूनच मिळतं, यावर आमच्या संघटनेच्या बैठकीत लोक कुरकुरतात. मी गप्प बसतो.

तरीपण एक गोष्ट डाचते. आमच्याकडं औषध निरीक्षक येतात. एच-१चं रजिस्टर मागतात, बिलं बघतात, फ्रिजचं तापमान बघतात, एक्स्पायरीचा माल वेगळा ठेवलाय का बघतात. सगळं रास्त. इतक्या वर्षांत एकाही निरीक्षकानं शॉर्टबुक मागितलेलं नाही. काय विकलं याचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. काय मागितलं गेलं आणि नव्हतं, याचा हिशेब मागणारा कागदच छापलेला नाही. दिल्लीतही तो नसणार. चुकीच्या औषधानं माणूस दगावला तर फाईल उघडते, तारीख, बॅच नंबर, सही करणाऱ्याचं नाव सापडतं. औषध नसल्यानं जे झालं ते कुठल्या तारखेवर टाकायचं?

घाईचंही एक उदाहरण आमच्या दुकानानं बघितलंय. रेमडेसिव्हिर. २०२०च्या जूनमध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली, अर्ज आला आणि मंजूर झाला इतक्या वेगानं. नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटना म्हणाली, वापरू नका, मृत्यू टळत असल्याचा पुरावा नाही. आणि एप्रिल २०२१मध्ये माझ्या दुकानासमोर माणसं रडत उभी होती, एक व्हायल द्या म्हणून. कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून इकडं येता येत नव्हतं, आणि कागदाशिवाय गाड्या परतवल्या जात होत्या, त्यातही एकाचा फोन आला की कोल्हापुरातनं दोन व्हायल आणतोय, नाक्यावर कुणी ओळखीचं आहे का. शॉर्टबुकाची चार पानं नुसत्या त्या एका नावानं भरलीत. त्यातल्या किती जणांचा जीव त्या इंजेक्शनवर अडला होता? बहुतेक कुणाचाच नाही. हे आज म्हणता येतं.

नाक्यावरून आठवलं. पाटण्याची एक अठरा वर्षांची मुलगी होती, टीबी अगदी शेवटच्या पायरीपर्यंत बिघडलेला. ज्या सहा ठिकाणी बेडाक्विलिन मिळत होतं त्यांतल्या दिल्लीच्या दवाखान्यानं तिला ते दिलं नाही, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. बाप दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१७मध्ये औषध मिळालं. २०१८मध्ये मुलगी गेली. ही बातमी वाचली तेव्हा मी आक्काच्या मुलाला दाखवली. त्यानं सगळी वाचली आणि एकच प्रश्न विचारला. "मग आपल्यास्नी मुंबईत दिलं असतं व्हय?"

हा प्रश्न फक्त आमच्याकडचाच माणूस विचारू शकतो. निपाणीपासून कोल्हापूर चाळीस-एक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. पाहुणे कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजला. आजारी पडलं की पाय आपोआप तिकडं वळतात. खाजगी दवाखान्यात कुणी विचारत नाही. सरकारी योजनेच्या खिडकीवर मात्र रेशनकार्ड पुढं केलं की खिडकीतला माणूस कार्ड उलटून बघतो, पुन्हा सुलटं करतो, आणि म्हणतो, हे कर्नाटकचं आहे. तो काही वाईट बोलत नाही. कार्डावर तसंच लिहिलेलं असतं. टीबीचं औषध देशभर एकच, कार्यक्रम राष्ट्रीय, पण पेशंट जिल्ह्याचा असतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नाव हलवायचं म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा वाट.

२०२३मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, ५४ कोटींची तरतूद केली. कर्नाटक सरकार खवळलं. आठवडाभर टीव्हीवर दोन्ही बाजू आमच्या आरोग्यासाठी भांडत होत्या. आमची किंमत एवढी वाढलेली मी पहिल्यांदाच बघितली. दुकानात एक म्हातारा म्हणाला, "दोगं बी देत्यात म्हनं औशीद. आजून कुनी आलं न्हाय." १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही या बाजूला आलो, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, दावा अजून चालू आहे. 'प्रलंबित' हा शब्द आमच्या पोरांना पाळण्यात कळतो. म्हणून बाकीच्या देशाला औषधाच्या फायलीचा जितका राग येतो तितका आम्हाला येत नसावा.

वाट बघून चिडलेली माणसंही या गोष्टीत आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. दोघींचेही कान टीबीच्या उपचारातच गेलेले. नंदिताचे २०१३मध्ये. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट संपल्यावरही आपला हक्क आणखी काही वर्षं लांबवायला कंपनीनं अर्ज करून ठेवला होता, त्याला या दोघींनी २०१९मध्ये भारतात हरकत घेतली. २३ मार्च २०२३ला पेटंट ऑफिसनं कंपनीचा अर्ज फेटाळला. पुढं दुसऱ्या कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली आणि किंमत खाली आली. मी ती बातमी आक्काला सांगायला गेलो होतो. सांगायला म्हणजे लिहून दाखवायला.

कारण आता आमचं बोलणं शॉर्टबुकात होतं. आक्का चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. मोठं, सुटं अक्षर काढलं की वाचते, ओठ हलवत. ओठांवरनंही पुष्कळ कळतं तिला, पण मास्कच्या दोन वर्षांत तेही बंद झालं होतं आणि तेव्हापासून वहीची सवय लागली. त्यामुळं माझ्या वहीत पॅरासिटामॉलच्या खाली 'सून बाळंत झाली का', मेटफॉर्मिनच्या खाली 'मुलगी. दोघी बऱ्या' असं लिहिलेलं असतं. स्टॉकिस्टचा पोरगा एकदा फोटो बघून गोंधळला. 'गुडघ्याचं ऑपरेशन नको म्हणते' हे कुठल्या कंपनीचं म्हणून विचारत होता.

त्या दिवशी मी लिहिलं, 'दोन बायका. तुझ्यासारखेच कान गेले. कंपनीविरुद्ध जिंकल्या.' तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाली, "कान मिळालं व्हय त्यास्नी?"

मी मान हलवली, नाही.

"मग रं?" असं म्हणून ती थोडा वेळ बसली. मग तिला काहीतरी सुचलं. "पुढच्यास्नी मिळंल व्हय सुईबिगर?" याला मी हो म्हणालो.

ते खरं निघालं. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रानं सहा महिन्यांचा नवा कोर्स मंजूर केला, चार औषधांचा, बेडाक्विलिन त्यातलं एक. वीस महिन्यांच्या जागी सहा, सुई नाही. जागतिक संघटनेनं तो सांगितला होता २०२२च्या डिसेंबरात. म्हणजे पुन्हा पावणेदोन वर्षं. तपासणीचं मशीनही आता जवळ आलंय, ट्रूनॅट नावाचं, बॅटरीवर चालणारं, छोट्या दवाखान्यात मावणारं, आणि ते बनतं कुठं तर चोर्ला घाट उतरून गेलं की गोव्यात. जागतिक संघटनेचा शिक्का त्याला २०२०मध्ये मिळाला. घाटापलीकडचं मशीन आमच्याकडं जिनिव्हावरून आलं, असं मी गमतीनं म्हणतो. २०२४च्याच ऑगस्टमध्ये आणखी एक आदेश निघाला होता. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघानं मंजूर केलेल्या काही प्रकारच्या औषधांना, दुर्मीळ आजारांवरच्या, जनुकीय उपचारांच्या, अगदी मोठी सुधारणा असलेल्या, भारतात पुन्हा चाचणी लागणार नाही. चांगलं आहे. किती औषधं त्यातून निपाणीच्या काउंटरपर्यंत येतात ते वहीत दिसेल.

आमच्या गल्लीतल्या एका पोराला हा नवा कोर्स लागला. यंत्रमागावर इचलकरंजीला कामाला होता, खोकत परत आला. एकवीस-बावीसचा. पाचव्या महिन्यात तळपायांची आग व्हायला लागली, ते त्यातल्या लिनेझोलिडमुळं होतं. डॉक्टरांनी डोस कमी केला. त्याच्या आईनं महिन्याच्या गोळ्यांची पिशवी माझ्याकडं आणली, कुठली कधी द्यायची ते पुन्हा समजून घ्यायला. त्याच वेळी आक्का पायरीवर होती.

मी पाकिटं काउंटरवर मांडली. आक्का उठून आली. एक पाकीट उचललं, उजेडाकडं धरलं, खाली ठेवलं. नाव तिला वाचता येण्यासारखं नव्हतं. पोराच्या आईनं दंडावर बोट टोचून दाखवलं आणि हात हलवला, सुई नाही. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी वही ओढली आणि लिहिलं, 'नाही. फक्त गोळ्या. सहा महिने.'

ती ओठ हलवत वाचत होती. मग स्वतःच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून, कुडं घालायचं भोक चोळत म्हणाली, "कवा आलं ह्ये औशीद?"

पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं, 'आत्ताच.'

"बरं झालं," म्हणाली. पोराच्या आईच्या पाठीवरून हात फिरवला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात तिनं गुडघ्याला लावायचा बाम मागितला. छोटी बाटली. कपाटात एकच होती. ती दिली, आणि 'आत्ताच'च्या खाली वहीत बाम लिहून ठेवला.